चेन कुळाच्या वास्तूत पाच दिवस

पहिला दिवस

हाँगकाँगहून सुटलेली जलदगती रेल्वे तासाभरात ग्वांगझौला पोहोचली आणि दुपारी आम्ही शहराच्या पश्चिमेकडील लिवान विभागात मुक्कामाला उतरलो. सोबत पत्नी होती, आणि शेनझेनला नोकरीस असलेला माझा भाचा रजा काढून दुभाष्याचे काम करण्यासाठी आला होता. एप्रिलचा पहिला आठवडा होता. हवेत आपल्याकडे मृग लागण्याआधी असतो तसा दमटपणा होता.

एका इमारतीसाठी पाच दिवस राखून ठेवण्याचे कारण आधी सांगितले पाहिजे. माझे वडील पाटण तालुक्यातून पुण्यास शिकायला आले, तेव्हा समाजाच्या वर्गणीवर चालणाऱ्या एका वसतिगृहात राहिले. त्या वसतिगृहाच्या दाराशी देणगीदारांची संगमरवरी पाटी होती आणि तिच्यावर हजार रुपये देणाऱ्या सावकाराच्या नावाखाली अकरा रुपये देणाऱ्या शेतकऱ्याचे नावही तेवढ्याच मोठ्या अक्षरांत कोरलेले होते. ती वास्तू पुढे पाडली गेली आणि पाटीचे काय झाले ते कोणालाच सांगता आले नाही. म्हणून, एका आडनावाच्या लोकांनी ७२ परगण्यांतून वर्गणी गोळा करून राजदरबारी नोकरीच्या परीक्षेला येणाऱ्या आपल्या मुलांसाठी बांधलेले घर ग्वांगझौमध्ये सव्वाशेहून अधिक वर्षे उभे आहे, हे वाचल्यापासून ते पाहण्याची इच्छा मनात होती.

त्या घराचे नाव चेन कुळाची विद्याशाळा. स्थानिक लोक मात्र तिला चेन घराण्याचे पूर्वजमंदिर याच अर्थाच्या नावाने ओळखतात, आणि दोन्ही नावे खरी आहेत. मेट्रोच्या स्थानकालाही याच वास्तूचे नाव आहे. जिना चढून वर आलो तेव्हा झोंगशान रस्त्यावरील वाहनांच्या गर्दीपलीकडे आधी निवासी मनोरे दिसले आणि मग त्यांच्या पायथ्याशी राखाडी विटांची एक लांबलचक, बुटकी वास्तू. तिच्या छपराच्या आढ्यावर इतकी चित्रविचित्र गर्दी होती की, संध्याकाळच्या उजेडात तेथे माणसे बसली आहेत असे क्षणभर वाटले. दार बंद झाले होते. आम्ही बाहेरून एक फेरी मारली, कोपऱ्यावरच्या छोट्या उपाहारगृहात तांदळाच्या पिठाच्या वाफवलेल्या मऊ गुंडाळ्या खाल्ल्या आणि परतलो.

दुसरा दिवस

सकाळी दार उघडताच आत गेलो. तिकीट दहा युआनचे आहे. आवारात सावरीची झाडे आहेत. आपल्याकडच्या माळरानावर फाल्गुनात फुलते तीच ही काटेसावर, आणि ग्वांगझौ शहराने तिचेच फूल आपले मानचिन्ह म्हणून निवडले आहे. बहर संपत आला होता. दोन वृद्ध स्त्रिया खाली पडलेली जाड पाकळ्यांची फुले पिशवीत गोळा करीत होत्या. ती वाळवून त्यांचा काढा करतात, असे भाच्याने विचारून सांगितले.

वास्तूचा आराखडा समजायला सोपा आहे. सुमारे ८० मीटर लांबीरुंदीच्या चौरसात एकामागे एक अशा दालनांच्या तीन ओळी, प्रत्येक ओळीत तीन दालने, आणि त्यांच्या मध्ये सहा चौक. दोन्ही बाजूंच्या खोल्यांच्या रांगा धरून एकंदर १९ इमारती होतात. मुख्य बांधकामाने ६,४०० चौरस मीटर जागा व्यापली आहे. मधल्या ओळीत प्रथम महाद्वाराचे दालन, नंतर सभेचे दालन आणि सर्वांत मागे पूर्वजांच्या नामपट्ट्यांचे दालन लागते. ज्याने चौसोपी वाडे पाहिले आहेत, त्याला या रचनेत परके वाटणार नाही. पुढचा चौक सर्वांसाठी, मधला मोठ्यांच्या बैठकीसाठी आणि शेवटी देवघर, ही चढण आपल्याही ओळखीची आहे.

दाराशी दोन भव्य दगडी नगारे उभे आहेत. पायथ्यासह ते अडीच मीटरहून उंच आहेत, म्हणजे माझ्या डोक्याच्या बऱ्याच वर जातात. असे नगारे कोणालाही उभारता येत नसत. घराण्यातील कोणी राजदरबारी मोठे पद किंवा परीक्षेत मोठा मान मिळवला, तरच ती शोभा दाराला येई. चेन कुळातील चेन बोताओ हे तुंगग्वानचे विद्वान १८९२ च्या राजपरीक्षेत सबंध साम्राज्यात तिसरे आले होते. तेव्हा हे बांधकाम चालू होते. आपल्यातील एकाचा तिसरा क्रमांक आला ही वार्ता येथे काम करणाऱ्या सुतारांपर्यंत आणि वर्गणी देणाऱ्या खेड्यांपर्यंत कशी पोहोचली असेल, याचा विचार करीत मी त्या नगाऱ्यांपाशी बराच वेळ थांबलो.

बांधकाम १८८८ मध्ये सुरू झाले आणि १८९४ मध्ये पुरे झाले. चेन हे ग्वांगतुंग प्रांतात सर्वांत अधिक आढळणारे आडनाव आहे. कँटोनी भाषेत त्याचाच उच्चार चान असा होतो. हे सर्व चेन एकमेकांचे भाऊबंद नव्हेत. त्यांची गावे निराळी, बोली निराळ्या, कित्येकांच्या वंशावळीही कोठे जुळत नसत. तरी आपण सर्व प्राचीन चेन राज्याच्या मूळ पुरुषाचे वंशज आहोत, या श्रद्धेवर त्यांनी एकत्र घर बांधायचे ठरवले. पैसा उभा करण्याची पद्धत व्यवहारी होती. परगण्या-परगण्यांतील चेन घराण्यांना पत्रे पाठवली गेली, आणि जे वर्गणी देतील त्यांच्या पूर्वजांच्या नामपट्ट्यांना मागच्या दालनात जागा मिळेल असे ठरले. वर्गणी मोठी तर जागा अधिक मानाची. परदेशी गेलेल्या चेन लोकांचाही या कामाला हात लागला. येथे वडिलांच्या वसतिगृहाची पाटी आठवून मी थोडा खिन्न झालो, कारण तिच्यावर अकरा रुपयांचे अक्षर हजार रुपयांच्या अक्षराएवढेच होते. परंतु वर्गणीचा हिशेब भिंतीवर राहावा, ही इच्छा दोन्हीकडे सारखीच आहे.

मग त्याला पूर्वजमंदिर न म्हणता विद्याशाळा का म्हटले? छिंग या चीनच्या अखेरच्या राजवटीतील अधिकाऱ्यांना, अनेक गावांतील एका आडनावाच्या लोकांनी शहरात संयुक्त मंदिर बांधून एकत्र येणे पसंत नव्हते. त्यातून कज्जे वाढतात, पैशाच्या बळावर दंगे होतात, अशी त्यांची तक्रार असे, आणि अशा मंदिरांवर बंदीची पावले अठराव्या शतकातच उचलली गेली होती. विद्येच्या नावाला मात्र कोणी हरकत घेत नसे. म्हणून शहरातील कितीतरी कुलमंदिरांनी दारावर विद्याशाळेची पाटी लावली. येथे रोजचे वर्ग भरत नसत. परीक्षेला आलेली मुले, कर भरण्यासाठी आलेले शेतकरी, खटल्यासाठी खेटे घालणारे गावकरी या सर्वांना बाजूच्या खोल्यांत उतरता येई. खेड्यातून आलेल्या माणसाला शहरात आपल्या नावाचे एक दार मिळे. माझे वडील पहिले काही महिने वार लावून जेवत आणि मग त्यांना वसतिगृहात जागा मिळाली. त्या दिवसाविषयी ते जसे बोलत, ते ऐकले असेल त्याला या दाराचे मोल सांगावे लागत नाही.

मधल्या सभेच्या दालनाचे नाव ‘सज्जनांचे एकत्र येणे’ अशा अर्थाचे आहे. त्याच्या पुढे दगडी कठड्याचा एक उंच चौथरा असून, कठड्यात फोशानच्या ओतारींनी घडवलेले बिडाचे नक्षीदार पट बसवले आहेत. राखाडी दगडात काळे बिड असे उठून दिसते, की लांबून त्यावर शाई सांडल्यासारखे वाटते. एका पटावर तीन बकऱ्या आहेत. चिनी भाषेत बकरी आणि सूर्यतेज या दोन शब्दांचा उच्चार एकच, म्हणून तीन बकऱ्या म्हणजे नव्या वर्षाच्या शुभारंभाची कामना. वटवाघळेही जागोजागी आहेत, कारण वटवाघूळ आणि सौख्य यांचा उच्चार सारखा आहे. वटवाघूळ पाहून आपल्याकडे कोणी ‘शुभ झाले’ म्हणणार नाही. पण श्लेषावर प्रेम करणाऱ्या मराठी वाचकाला ही पद्धत आवडावी. कठड्याच्या दगडात कमरख, अननस, केळी अशी याच प्रांतातील फळे कोरली आहेत. पूर्वजांच्या चौथऱ्यावर ती बारमाही नैवेद्यासारखी मांडलेली राहतात.

संध्याकाळपर्यंत मी छपराकडे नीट पाहिलेच नव्हते. ते पुढच्या दिवसासाठी ठेवले.

तिसरा दिवस

आज छिंगमिंग, म्हणजे पितरांच्या थडग्यांची साफसफाई करून त्यांना नैवेद्य दाखवण्याचा दिवस. सुटी असल्यामुळे वास्तूत मोठी गर्दी होती आणि तीत चेन आडनावाची कितीतरी कुटुंबे होती. ताइशानहून नातवाला घेऊन आलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी भाच्याकरवी मला आडनाव विचारले. आमच्याकडे पुष्कळांची आडनावे गावावरून पडतात, माझेही तसेच आहे, असे मी सांगितले. त्यावर ते थोडे थांबले आणि म्हणाले, “मग गाव सोडले तरी गाव तुमच्याबरोबर येते.” नंतर त्यांनी नातवाला मागच्या दालनाच्या दिशेने नेले, आणि जेथे एके काळी नामपट्ट्यांच्या रांगा होत्या त्या उंच कोरीव देव्हाऱ्यांसमोर दोघे हात जोडून उभे राहिले. पट्ट्या आता तेथे नाहीत. तरीही नमस्काराला जागा उरली आहे.

आढ्यांविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण या वास्तूचा जीव तेथे आहे. सभेच्या दालनाचे मुख्य आढे २७ मीटर लांब आहे आणि त्यावर शिवान येथील भट्ट्यांत भाजलेल्या चिनी मातीच्या २२४ आकृत्या आहेत. खालचा चुन्याचा थर धरून ही शोभा चार मीटरहून उंच जाते. या आकृत्या राजवाडे, बुरूज, सज्जे यांच्यामधून आपल्याकडे पाहत असतात आणि त्या किंचित पुढे झुकवलेल्या आहेत, कारण घडवणाऱ्याला ठाऊक होते की पाहणारा चौकात मान वर करून उभा असणार. चेहऱ्यांना झिलई दिलेली नाही. कपडे हिरवेनिळे चकाकतात आणि चेहरे मात्र मातीच्या रंगाचे राहतात, त्यामुळे ऊन पडले तरी डोळे-नाक स्पष्ट दिसते.

आढ्यांवरील हे प्रसंग बहुतांशी कँटोनी संगीतनाटकांतले आहेत. महाद्वाराच्या तुळईवर लाकडात छाओ छाओ या प्राचीन सेनानीने ताम्रपक्षी प्रासादात दिलेली मेजवानी कोरलेली आहे, आणि दर्शनी भिंतीवर विटांत कोरलेल्या सहा भव्य चित्रांपैकी एकात ल्यांगशानच्या बंडखोर वीरांची सभा भरली आहे. वीट कोरणे म्हणजे साचा वापरणे नव्हे. भाजलेल्या विटेवर छिन्नी चालवून, एकेक वीट स्वतंत्र कोरून, मग त्या भिंतीत जुळवायच्या असतात. खेड्यातून आलेल्या मुलाला शहर नवे असले, तरी जत्रेत रात्रभर जागून पाहिलेली नाटके येथे दगडात, लाकडात, मातीत ओळखीची भेटत असतील. परीक्षेच्या आदल्या रात्री भेदरलेल्या मनाला हा आधार थोडा नाही.

मातीच्या आढ्याखाली चुन्याचे काम आहे. चुना, भाताचा पेंढा, कागदाचा लगदा, चिकट तांदळाचे पीठ आणि साखर एकत्र मुरवून त्याचा गारा करतात, तारेच्या सांगाड्यावर तो जागेवरच थापून आकृती घडवतात आणि ओलावा असतानाच रंग देतात. भट्टी लागत नाही. २००८ मध्ये या कलेची चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत नोंद झाली. वाईच्या घाटावरील देवळांच्या शिखरांवरची चुनेगच्चीची कामे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या गाऱ्यात आपली कृती ओळखू येईल. आमच्याकडे साखरेच्या जागी गूळ, पेंढ्याच्या जागी ताग. दोन्हीकडे हे काम पावसाने खचते आणि पुन्हापुन्हा करावे लागते. फरक इतकाच की, येथे ते करणारे हात अजून शिल्लक आहेत आणि त्यांना काम मिळत राहते. आमच्या कितीतरी शिखरांवर आज तैलरंगाचे थर चढवले जातात, हे पाहून होणारे दुःख येथे आल्यावर अधिक टोचले. आढ्यांच्या उतारावर बसलेले तांबडे एकशिंगी सिंहही चुन्याचेच आहेत आणि त्यांच्यावर मुलांचा जीव फार.

या सर्व कामाची आखणी ली जूच्वान या वास्तुकाराने केली. लाकूड, वीट आणि दगड यांवरील कोरीवकाम, माती आणि चुना यांतील मूर्तिकाम, लोखंडाचे ओतकाम आणि चित्रे अशा सात कलांचे कारागीर त्याच्या हाताखाली सहा वर्षे राबले. सभेच्या दालनामागील बारा कोरीव लाकडी पडदे दोन्ही बाजूंनी सारखेच सुबक आहेत, म्हणजे पुढून सभेला बसलेल्यांनी पाहावे आणि मागून पूर्वजांनी.

चौथा दिवस

आज आसपासची वस्ती. हा भाग जुन्या तटाच्या पश्चिम दरवाजाबाहेरचा, म्हणून त्याला शीग्वान म्हणतात. येथेच व्यापाऱ्यांची घरे, येथेच नाटकमंडळ्यांची बिऱ्हाडे. एननिंग रस्त्यावर कमानींच्या पडव्यांखालून चालताना नटांच्या संघाची, बाहे संघगृहाची, वास्तू लागते. बाहे म्हणजे आठांचा मिलाफ. नाटकमंडळीतील वेगवेगळ्या कामांच्या लोकांची आठ घरे एका छत्राखाली आणणारा हा संघ. त्याआधीचे नटांचे संघगृह फोशानला होते. १८५४ मध्ये ली वेनमाओ या नटाने छिंग राजवटीविरुद्धच्या बंडात उडी घेतली, त्यानंतर ते उद्ध्वस्त झाले आणि कँटोनी नाटकांवरच काही काळ बंदी आली. त्या बंदीतून उठलेल्या लोकांनी शीग्वानला पुन्हा आपले घर केले. चेन कुळाच्या आढ्यांवर जी नाटके मातीत गोठली आहेत, ती करणाऱ्यांची वस्ती अशी चालत जाण्याच्या अंतरावर होती.

दुपारी मेट्रोने दोन स्थानके पुढे जाऊन कल्चरल पार्कमधील, परदेशी व्यापाऱ्यांच्या जुन्या तेरा कोठ्यांचे संग्रहालय पाहिले. १८५६ च्या आगीत नष्ट झालेल्या या कोठ्यांत मुंबईच्या पारशी व्यापाऱ्यांचा राबता होता. जमशेटजी जीजीभाई यांनी चीनच्या पाच सफरी केल्या. त्या व्यापारात कापूस होता आणि अफूही होती, आणि मुंबईच्या कितीतरी दानधर्माच्या इमारतींच्या पायात तो पैसा आहे. हे दोन्ही शहरांच्या लोकांनी एका वेळी लक्षात ठेवण्यासारखे आहे. याच बंदरातून पारशी घरांत गारा साड्यांचे भरतकाम गेले. काल चेन कुळाच्या दालनांत मांडलेले ग्वांगतुंगचे भरतकाम पाहताना पत्नी एका मयूरपटासमोर थबकली होती, कारण तिच्या शेजारच्या पारशी आजींच्या साडीच्या काठावर तोच टाका तिने लहानपणी पाहिला होता.

पाचवा दिवस

निघण्याआधी पुन्हा एकदा वास्तूत गेलो. पाऊस लागला होता. दालनांच्या ओळींमधून दोन लांब, अरुंद, उघड्या वाटा जातात; त्यांना नीलमेघांची गल्ली असे नाव आहे, आणि त्या नावात परीक्षेत यश मिळवून वर चढण्याचा आशीर्वाद आहे. कामापुरते पाहिले तर त्या हवेसाठी, आगीपासून बचावासाठी आणि पाण्याच्या निचऱ्यासाठी आहेत. छपरांच्या पन्हाळींतून उतरलेले पाणी दगडी फरशीच्या उतारावरून न थांबता जात होते, आणि मागच्या दालनापासून महाद्वारापर्यंत कोठेही तळे साचले नव्हते.

ज्या परीक्षांसाठी ही वास्तू बांधली, त्या १९०५ मध्ये बंद झाल्या. म्हणजे मूळ कामासाठी ती पुरती अकरा वर्षेच वापरली गेली. पण ती रिकामी पडली नाही. आधी येथे उद्योगशिक्षणाची शाळा निघाली, मग इतर शाळा आल्या. १९५९ मध्ये ग्वांगतुंगच्या लोककलांचे संग्रहालय झाले. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात येथे छापखाना होता आणि त्या छापखान्यामुळे ती तोडफोडीतून वाचली. पुढे १९८८ मध्ये ती राष्ट्रीय संरक्षित वास्तू ठरली. क्वालालंपूरच्या चायनाटाउनमध्ये तेथील चान लोकांनी १९०६ पर्यंत बांधून पुरे केलेले कुलमंदिर हिच्याच घाटाचे आहे. भाचा म्हणाला, “मामा, मुलांसाठी बांधलेल्या घरात मुले आता फक्त तिकीट काढून येतात.” मी त्याला बाजूच्या खोल्यांची रांग दाखवली. तेथील ओसरीवर पावसामुळे अडकलेल्या एका शाळेची तीस-चाळीस मुले गणवेशात, मांडीवर चित्रवह्या घेऊन, ओळीने बसली होती आणि त्यांच्या बाई त्यांच्यामधून फिरून काही सांगत होत्या.

आम्हीही त्यांच्या शेजारी पाऊस कमी होण्याची वाट पाहत उभे राहिलो. टोकाच्या मुलाने वहीत तांबडा सिंह काढला होता. त्याने मान वाकवून समोरच्या आढ्याकडे पुन्हा एकदा नीट पाहिले, काढलेले शिंग खोडले आणि थोडे अधिक लांब काढले.